खिंडीवरची हरळी

पाऊस उघडता उघडता कारळवाडीच्या खिंडीला हिरवा रंग मारला गेला आणि गावात आठवडाभर दुसरा विषय उरला नाही.

रंग मारला म्हणजे खरोखरच मारला. एक टँकर आला. त्याच्या टपावर मोठी नळी होती. तिच्यातून हिरवट लगदा फवारत दोन माणसांनी दिवस मावळायच्या आत अख्खा उतार हिरवा करून टाकला. बाभळीखाली उकिडवी बसलेली मंडळी हसून हसून बेजार झाली. आधी डोंगर कापला, त्यात सिमेंटच्या कमानी उभ्या केल्या, कमानींवर पुन्हा डोंगराचीच माती लोटली, आणि आता गवत उगवेना म्हणून रंग लावायलेत, असं गावानं ठरवून टाकलं. त्या लगद्यात गवताचं बी असतं, रंग नुसता कुठं फवारलं आणि कुठं राहिलं हे कळावं म्हणून घालतात, असं बबितानं चार जणांना समजावून बघितलं. चौघांनीही मान डोलावली आणि पुढच्याला जाऊन रंगाचीच गोष्ट सांगितली.

बबिता म्हणजे सटवा मेंढपाळाची सून. तिच्या शब्दाला खिंडीवर वजन होतं; गावात अजून तेवढं आलं नव्हतं.

धारूरच्या डोंगरातून वेगाची रेल्वेगाडी जाणार हे ठरलं तेव्हा खिंड उघडीच कापायचा बेत होता. मग इकडची मेंढरं, मोर आणि माणसं तिकडं कशी जाणार, असा प्रश्न निघाला, आणि वरून झाकायचा बोगदा करायचं ठरलं. गाडी खालून जाईल, मेंढरू वरून जाईल, आणि पायाखाली बोगदा आहे हे मेंढराला कळणारसुद्धा नाही, असं सांगितलं गेलं. दोन वर्षं खिंडीत मशिनी घरघरत होत्या. सुरुंगाच्या दणक्यांनी कोंबड्या खुडूक बसेनात. लांबच लांब गाड्यांवरून कमानींचे तुकडे आले, क्रेननं ते एकमेकांना टेकवले, त्यावर काळं जाड प्लास्टिक अंथरलं, आणि बाजूला राखून ठेवलेली माती थराथरानं रोलर फिरवत परत घातली. ती दोन वर्षं सटवाची मेंढरं घाटाच्या डांबरी रस्त्यानं, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात लांबून फिरून जात होती. शिव्या सटवाही खात होता, पण त्यातल्या निम्म्या तो परत करत होता.

सगळ्यात वरची माती पसरायला, काथ्याची जाळी अंथरायला आणि झाडं लावायला गावातल्या बायांची टोळी होती आणि बबिता तिची मुकादम. लग्न झाल्यापासून तिनं घोड्यावर संसार लादून मेंढरांमागं मुलूख बघितला होता. त्याचा तिला कंटाळा होता असं नाही. पण खिंडीवर ती 'चला गं' म्हणाली की दहाबारा बाया पदर खोचून उठत, आणि हे तिला फार आवडलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. बाईमाणसाला हुकूम सोडायला आवडत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिच्या सासूला, बायडाबाईला, एकदा भेटून यावं.

तुळशीचं लग्न झालं की मोठे साहेब खिंड ताब्यात घ्यायला येणार होते. तेव्हा उतार हिरवा दिसला तर पुढची कितीतरी वर्षं तिथली देखभाल बबिताच्या टोळीकडं राहणार होती. नाही दिसला तर बाहेरगावची टोळी येणार होती. गवताझाडांचं काम बघणाऱ्या संस्कृती मॅडमनी हे सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं होतं. मॅडम वयानं बबितापेक्षा लहान, उन्हानं नाक सोललेल्या, आणि गोड बोलून फसवायची त्यांना सवय नव्हती.

दसऱ्याला काम चार दिवस बंद राहणार होतं. माहेरी निघायच्या आदल्या संध्याकाळी बबितानं चुलीपाशी सासूजवळ मन मोकळं केलं.

"आत्याबाई, उतारावर काय दिसंनाच झालंय. लई घोर लागलाय मला."

"दिसंल," बायडाबाई भाकरी थापत म्हणाली. "बी हाय ते. पोरगं हाय का हाक मारली की यायला?"

पलीकडं सटवा चंची उघडून बसला होता. सुनेशी थेट बोलायचा त्याचा रिवाज नव्हता आणि सासऱ्याशी थेट बोलायचा तिचा नव्हता. कान मात्र दोघांचेही शाबूत होते.

"मेलेली माती हाय ती," तो बायकोला म्हणाला. "दोन वर्सं ढीग घालून ठिवली, वरून रोलर फिरिवला. तिला मेंढरं बसवाय पायजेत. मेंढरं बसली की धोंड्याला कोंब फुटतोय."

"मेंढरं तुमी भारतच्या रानात बसवायची कबूल केलीत दसऱ्याला."

"व्हय की," असं म्हणून सटवानं तंबाखू मळायला घेतली आणि विषय तिथंच राहिला.

मेंढरं बसवणं हा सटवाचा खरा अभिमान होता. रान मोकळं झालं की शेतकरी त्याला बोलवायचा. दिवस मावळला की रानात वाघूर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण घालायचं, आणि कळप आत कोंडायचा. रात्रभर मेंढरं बसली की लेंडीमुतानं तेवढा तुकडा पोसला जायचा. दुसऱ्या दिवशी वाघूर पुढं सरकवायची. आपली मेंढरं ज्या रानात बसली तिथलं पीक लांबून ओळखू येतं, असं सटवा म्हणायचा, आणि ते बरंचसं खरंही होतं. कुणाचं डोकं दुखलं तरी हा माणूस दोन मेंढरं बसवून बघेल, असं बायडाबाई म्हणायची.

दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर सटवानं कळप खिंडीकडं वळवला. सुनेवर उपकार करावा आणि तिला तो न सांगता कळावा, एवढीच त्याची इच्छा होती. खिंडीवर राखणीला गावातलाच बंकट होता.

"सटवाआबा, हितं जनावर आणायचं न्हाई," बंकट म्हणाला.

"खायला कुठं आणलीत? बसवायला आणलीत. आन् हितं खायला हाय तरी काय, बे? रंग?"

बंकटनं उताराकडं बघितलं. उतार हिरवा होता, पण तो रंग मारल्या दिवसापासून हिरवाच होता. बंकट बाजूला झाला. सटवाच्या डोळ्यांत तर मोतीबिंदू पिकत आलेला. त्याला हिरवं ते सारं एकच. त्यानं वाघूर ठोकली. सुट्टी संपेपर्यंत तो ती रोज सरकवत गेला आणि सगळा उतार त्यानं मनापासून खतावला.

सुट्टी संपली त्या सकाळी बबिता टोळी घेऊन वर आली तेव्हा सटवा वाघूर गुंडाळत होता. मेंढरं एका बाजूला उभी होती. त्यांची तोंडं हिरवी झाली होती, नाकापासून हनुवटीपर्यंत, लग्नात हळद लावावी तशी.

"बायांनू, बगा आता," सटवा टोळीला म्हणाला, म्हणजे सुनेला. "आठ दिवसांत गवत मावायचं न्हाई हितं."

बबिता उताराच्या कडेला गेली. तिथं, जिथवर वाघूर पोचली नव्हती, त्या हातभर पट्ट्यात बोटाएवढं कोवळं गवत उभं होतं. ती माहेरी होती तेवढ्यात ते उगवून आलं होतं. पट्ट्याच्या अलीकडं मात्र काही नव्हतं. लेंड्या होत्या, खुरांनी उखणलेली माती होती, काथ्याची जाळी जागोजाग चावून ओढलेली होती. वाघूर जिथं लावली होती, ती रेघ सुतारानं आखावी तशी सरळ दिसत होती.

सटवा जवळ आला, वाकला, मग गुडघ्यावर बसला आणि त्यानं त्या पट्ट्यातल्या गवतावरून तळहात फिरवला. हाताला गवत लागलं.

"मला वाटलं, रंग उठून दिसायलाय," बंकट मागून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मॅडम आल्या. त्यांनी उतार वरून खाली आणि खालून वर बघितला. त्यांच्याबरोबर ठेकेदाराचा माणूस होता. मुकादमाच्याच घरच्या मेंढरांनी काम खाल्लं, आता ही टोळी काढून टाकू, असं तो लगेच बोलला.

"टोळी ठेवायची का काढायची, ते मी ठरवीन," मॅडम म्हणाल्या. मग सटवाकडं वळल्या. "काका, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का हे?"

"न्हाई. मनानं केलं. हिचा काय दोष न्हाई, मॅडम. ही माहेरी गेलती."

मॅडमच्या तोंडावर राग होता, पण त्या थोडा वेळ लेंड्यांकडं बघत राहिल्या आणि राग तसाच ठेवून हसल्या. "खत उत्तम घातलंय तुम्ही. आता गवत तेवढं राहिलंय." फवारायची मशीन पुढच्या डोंगराला गेली होती. नवं बी येऊन, फवारून, उगवेपर्यंत साहेब येऊन परत जाणार होते. मॅडम कागदपेन्सिल न काढता उभ्याच विचार करत होत्या. मग त्यांनी बबिताला विचारलं, "इथं हरळी मिळेल का कुठं? पुष्कळ लागेल. मुळांसकट."

टोळीतल्या बाया आधी एकमेकींकडं बघू लागल्या आणि मग अशा हसायला लागल्या की दोघी खालीच बसल्या. गणपतीच्या डोक्यावरच्या चार काड्या सोडल्या तर हरळीबद्दल कारळवाडीत कुणी चांगला शब्द काढलेला नव्हता. रान तिनं धरलं की सोडत नाही. उन्हाळाभर माणसं तिच्या काशा, म्हणजे जमिनीतली पांढरी गाठाळ मुळं, वेचून बांधावर जाळतात, आणि पहिल्या सरीला ती पुन्हा हजर असते.

"हसा तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "जी काढून निघत नाही तीच उतार धरून ठेवते. तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत आहे, बबिताताई. नाही जमलं तर मलाही काही करता येणार नाही."

त्या रात्री बबितानं सासऱ्याला जेवण वाढलं, पण भाकरीबरोबर कांदा ठेवला नाही. सटवानं मागितला नाही. त्याचा मुलगा सोमनाथ खिंडीवरच पाण्याचा टँकर चालवायचा. त्यानं आपल्या ताटातला कांदा बापाच्या ताटात सरकवला, बबितानं नवऱ्याकडं बघितलं, आणि सोमनाथनं तो परत उचलून घेतला.

गावात सगळ्यात जास्त हरळी भारतच्या रानात होती. भारत मोठा शेतकरी, एकदा सरपंच झालेला आणि तेव्हापासून कमी बोलायचं विसरलेला. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायचा होता, आणि मधल्या मोकळ्या रानात हरळी ऐसपैस पसरली होती. बबिता गेली तेव्हा तो बांधावर बसून हरळीकडं बघत शिव्याच घालत होता.

"काका, तुमची हरळी पायजे आमाला," बबिता म्हणाली. "आमीच खांदून नेताव. तुमाला काय बी करायचं न्हाई."

भारतनं कानात बोट घालून हलवलं. "काय पायजे?"

"हरळी. खिंडीवर लावायला."

भारत उठून उभा राहिला. त्यानं रानावरून नजर फिरवली, आणि बबिताच्या देखत त्या नजरेत फरक पडला. इतका वेळ जी हरळी होती ती आता मालमत्ता झाली.

"मग ती देता येत न्हाई," तो म्हणाला.

"कावून?"

"कावून म्हंजी? माज्या रानातली हाय. वीस वर्सं वाढिवलीय."

त्याची बायको विमलबाई शेण थापत होती. तिनं मान वर केली. "वाढिवली? वीस वर्सं तिच्या नावानं बोंबलायलात की."

"तू गप. मोठे लोक उगंच मागत नसतेत. आन् पोरी, तुझ्या सासऱ्यानं मला दसऱ्याला फसविलंय. आधी त्याला म्हणावं, सोता ये."

निरोप सटवाला पोचला. दुसऱ्या दिवशी तो भारतच्या बांधावर जाऊन उभा राहिला. भारत दहा हातांवर ट्रॅक्टरचं चाक पुसत होता. त्यानं एक चाक पुसलं, मग दुसरं पुसलं. सटवा उभाच. ऊन चढलं, त्याच्या डोक्यावरून घाम गळून डोळ्यांत गेला, तरी त्यानं जागा सोडली नाही. सगळं आयुष्य शेतकऱ्यांनी त्याला बोलवायचं आणि चहा पाजायचा, अशी सवय असलेला माणूस तो.

"भारत," शेवटी तो म्हणाला.

"कोण? सटवा का? मला वाटलं बुजगावणं ठिवलंय कुणी." भारतनं फडकं पिळलं. "दसऱ्याला मी हितं खाट टाकून बसलो, बे. म्हणलं आता येतील मेंढरं, मग येतील. मच्छरांनी सोलून काढलं मला. आन् तू ती सिमेंटवर नेऊन बसविलीस?"

"चुकलं."

"सिमेंटवर हरभरा येतोय का?"

"चुकलं म्हणलं की."

"आजून म्हण. माझ्या कानात मच्छर गेलता, नीट ऐकाय येत न्हाई."

"चुकलं, भारत," सटवा म्हणाला. "तुझं चुकलं ते एक. सुनेचं तर वाटुळं केलं मी. भलं कराय गेलतो तिचं. ती बोलंना मला. तसं आधी बी बोलत न्हवती, पण आता बोलंना."

भारतच्या हातातलं फडकं थांबलं. चेष्टा करायला आणखी बरंच त्याच्याकडं शिल्लक होतं, पण ते त्याला पुढं नेता येईना. विमलबाईनं दोन कप चहा आणून बांधावर ठेवला आणि निघून गेली.

"जितकी हरळी निघंल तितकी मेंढरं बसवायची," भारत म्हणाला. "अर्धं रान खांदा, अर्ध्यात बसवा. आन् खिंडीवर ती माझी हरळी म्हणून सांगायची. कुणी इचारलं तर."

"कोण इचारतंय, बे, हरळी कुणाची म्हणून?"

"इचारलं तर," भारत म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. भारतनं स्वतः ट्रॅक्टरनं रान उलथलं, मागून बायांनी काशा वेचल्या. ओलसर मातीतनं काशा उपटताना त्यांची टोकं नखांत शिरायची. संध्याकाळी टोळीतल्या एकीच्याही बोटांची अवस्था बघवत नव्हती. काशांचे भारे गोणपाटात बांधून सोमनाथच्या टँकरवर टाकायचे, टँकर खिंडीत आला की डोक्यावरून वर न्यायचे. दसऱ्यानंतरचं ऊन पाठीवर बसायचं. चढ इतका खडा की भारा घेऊन चढताना पुढच्या बाईच्या टाचांपलीकडं काही दिसायचं नाही. वर कमरेला दोर बांधून ओळीनं बसायचं, खुरप्यानं खाच पाडायची, काशी ठेवायची, माती सारायची, मुठीनं दाबायची. पुन्हा पुढची खाच.

सटवाही आला. कळप त्यानं बायडाबाईकडं दिला आणि भारे वाहायला लागला. बबिता त्याच्याशी अवाक्षर बोलत नव्हती. काही सांगायचं झालं तर, सासू भाकरी घेऊन वर आली की तिला सांगायची. "आत्याबाई, भारे त्या अंगाला टाकाय सांगा." बायडाबाई मान वळवून म्हणायची, "आवं, त्या अंगाला टाका." सटवा तिला म्हणायचा, "पानी कमी पडायलंय म्हणावं." दोन दिवसांत बायडाबाई कंटाळली.

"मला कायमची गाठ मारून ठिवलीय का तुमच्या दोघांच्या मधी?" ती सगळ्यांसमोर म्हणाली. "माजी मेंढरं खोळंबलेत. मी चालले. तुमी सासरा-सून बसा मुक्यानं."

ती गेल्यावर सटवानं भारा टाकला आणि स्वतःच खुरपं घेऊन ओळीत बसला. हात जुने होते, पण लावणीचे नव्हते. तो खोल खड्डा खणायचा, त्यात मूठभर काशा कोंबायचा आणि वर टाच देऊन दाबायचा. बबितानं एक खड्डा बघितला. दुसरा बघितला. तिसऱ्याला तिच्यानं राहवलं नाही.

"मामा, तसं न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. "मढं पुरायलाव का आपून? गाठ वर राहू द्या तिची. वर गाठ असली की कोंब येतो."

ओळीतली सगळी खुरपी थांबली. बबिताच्या लक्षात आलं आणि तिचा हात पदराकडं गेला, पण कमरेला दोर आणि दोन्ही हात मातीचे. पदर काही डोक्यावर आला नाही. सटवानं गाडलेल्या काशा परत उकरल्या, मोकळ्या केल्या आणि एक उचलून तिच्यासमोर धरली.

"ही गाठ का?"

"ती न्हाई. त्याच्या वरची."

"मला दिसत न्हाई, बाई," सटवा म्हणाला. "बोटाला लागली की कळंल. दाव एकडाव."

तिनं त्याचं बोट धरून गाठीवर ठेवलं. बाया हसल्या नाहीत. एकीनं नाक ओढलं, ते मातीमुळं असं तिनं नंतर सांगितलं.

त्या रात्री सटवाच्या ताटात कांदा होता.

दिवाळी जवळ आली तेव्हा उतार पूर्ण लावून झाला होता आणि बघवत नव्हता. काशा वाळून पिवळ्या पडल्या, जाळीवर काड्या सांडल्यासारखं दिसत होतं. ठेकेदाराचा माणूस रोज खालून हात कमरेवर ठेवून बघून जायचा. टोळीनं दिवाळीची सुट्टी घेतली नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सगळ्या बाया घरचं आवरून, केस न्हालेले तसेच ओले, उतारावर होत्या, आणि सोमनाथ टँकरवर टँकर आणून ओतत होता.

"पानी पाजून मारशील हरळीला," बबिता नवऱ्याला म्हणाली.

"हरळी मरती का? मेली तर भारतकाका हितं देऊळ बांधतील तुझं. वीस वर्सांत त्यांला जमलं न्हाई ते तू केलंस म्हणून."

बबिताला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. हे काम तिला हवं होतं. दुसऱ्या कुणी यावं आणि तिनं हातानं सारलेल्या मातीवर दुसऱ्या बाईनं 'चला गं' म्हणावं, हे तिला सोसणार नव्हतं, आणि तिनं नवऱ्याला तसं सांगितलं. सोमनाथनं ऐकून घेतलं आणि आणखी एक टँकर आणला.

भाऊबिजेनंतर गाठींना कोंब आले. मग कोंबांचे धागे झाले, धागे जमिनीवरून पळायला लागले, एकमेकांवरून गेले, जाळीखालून वर आणि वरून खाली. रोज सकाळी मातीचा नवा तुकडा दिसेनासा व्हायचा. त्यात सटवाच्या मेंढरांचं खत. भारत रोज संध्याकाळी येऊन आपल्या हरळीची प्रगती बघायचा आणि मालकासारखा खाकरायचा.

तुळशीचं लग्न झालं आणि साहेब आले. मागं पाच-सहा माणसं, पुढं संस्कृती मॅडम. सगळं गाव बाभळीखाली. साहेब बोगद्यातून चालत गेले, कमानींवर हात मारून बघितला, बाहेर आले आणि उतारावर चढले. अर्ध्यावर थांबले.

"हे फवारलेलं गवत नाही," ते म्हणाले.

मॅडमनी एकही गोष्ट लपवली नाही. दसरा, वाघूर, मेंढरांची हिरवी तोंडं, हरळी, सगळं जसं झालं तसं सांगितलं. साहेबांचा चेहरा काही कळू देत नव्हता. ते खाली बसले, हरळीचा एक धागा त्यांनी बोटाला गुंडाळला आणि ओढला. धागा आला नाही. दोन्ही हातांनी ओढला. तेव्हा धागा तुटला आणि साहेबच मागं बसले.

"आमच्या आजोबांचं अर्धं आयुष्य ही काढण्यात गेलं," पँट झटकत ते म्हणाले. "आम्ही पैसे देऊन लावायला लागलो."

"माझी हाय ती, साहेब," बाभळीखालून भारत ओरडला. "माझ्या रानातली."

साहेब हसले आणि मग सगळ्यांना हसायची सोय झाली. खिंड ताब्यात घेतली. देखभाल याच टोळीकडं राहील, मुकादम ह्याच, असं त्यांनी मॅडमना सांगितलं. पण जाता जाता ते बबितापाशी थांबले. पुढचा पावसाळा संपेपर्यंत उतारावर एकाही जनावराचं तोंड लागता कामा नये. मेंढरांसाठी दगड लावून वाट सोडली आहे, तेवढ्यावरूनच ती जातील. हरळीत जनावर दिसलं तर काम त्याच दिवशी दुसऱ्याकडं जाईल.

"कुणाचं बी जनावर असलं तरी?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुणाचंही," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वर्षांनी पहिल्यांदा खिंडीवरून वाट उघडली. बबिता दगडांच्या वाटेच्या तोंडाशी वेळूची काठी घेऊन उभी होती. टोळी मागं ओळीनं. आणि खालून सटवाचा कळप वर आला, सगळ्यांत पुढं सटवा, मागं बायडाबाई, घोडं, कुत्रं, आणि त्यांच्यामागं मजा बघायला निम्मं गाव. दोन्ही बाजूंना हिरवीगार हरळी आणि मधून चार हात वाट. मेंढरांना वास आला होता. ती एकमेकांच्या पाठीवर चढायला लागली होती.

सटवा वाटेच्या तोंडाशी आला आणि थांबला. ही वाट त्याच्या आज्यानं चाललेली, बापानं चाललेली. त्यानं कधी कुणाला विचारून पाय टाकला नव्हता. त्यानं काठी आडवी धरून कळप रोखला, डोक्यावरचा पटका सारखा केला आणि सुनेकडं सरळ बघितलं.

"मुकादमबाई," तो म्हणाला, "येऊ का आमी?"

बबितानं काठी बाजूला घेतली नाही.

"या, मामा. पण तीन-तीन करून. आन् एक बी तोंड खाली जाऊ द्यायचं न्हाई."

"न्हाई जाऊ देत."

तीन-तीन करून कळप निघाला. सोमनाथ एका अंगाला, बायडाबाई दुसऱ्या अंगाला, हात पसरून, मेंढरांना गुडघ्यांनी ढकलत. भारतही त्याच्या हरळीच्या काळजीनं हात पसरून उभा राहिला. सगळं नीट चाललं होतं. शेवटी शेवटी एका म्हाताऱ्या मेंढीनं भारतच्या हाताखालून मान घातली आणि तोंडभर हरळी ओढली.

बबितानं ते बघितलं. सटवानंही, नजर अधू असून, ते कसं कोण जाणे बघितलं. तो कळप सोडून माघारी धावला, मेंढीचा जबडा त्यानं दोन्ही हातांनी उघडला आणि तिच्या दातांतून एक एक काशी ओढून काढली. मग तिथंच गुडघे टेकून, बोटानं गाठ चाचपून, त्यानं ती ओली हरळी जिथली तिथं परत लावली, माती सारली आणि मुठीनं दाबली. गाव बघत होतं. त्याची त्याला पर्वा नव्हती. लावून झाल्यावर तो उठला नाही, तसाच वर बघत राहिला.

बबिता जवळ आली. तिनं वाकून माती आणखी एकदा दाबली.

"बसलीय नीट," ती म्हणाली. "जावा आता. तुमच्यापायी सगळे खोळंबलेत."

"व्हय, मुकादमबाई," सटवा म्हणाला, आणि मेंढीचा कान धरून वाटेला लागला.